हेड्स, हार्ट्स आणि अल्कोहोलमीटर

दारू गाळताना (डिस्टिल करताना) थर्मामीटर ७८ अंश सेल्सिअसवर आला की हेड्स (सुरुवातीला निघणारा, नको असलेला भाग) संपले, पुढचं सगळं हार्ट्स (मधला, ठेवायचा भाग), असं काहीजण म्हणतात ते मला अजिबात पटलं नाही. ७८.४ अंश हा शुद्ध इथेनॉलचा उत्कलनबिंदू झाला, भांड्यात असतं पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण, ते त्याच्या वरच उकळतं आणि अल्कोहोल निघून जाईल तसं तापमान चढत राहतं, त्यामुळे आकडा फक्त अंदाज देतो, कट, म्हणजे एक भाग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, तो ठरतो नाकाने. छोट्या छोट्या काचेच्या बरण्यांत ओळीने गोळा करा, नंबर टाका, वर कापड बांधून रात्रभर राहू द्या आणि मग थोडं पाणी घालून वास घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपकारा आला तर ते हेड्स, कुबट, ओलसर वास लागला की टेल्स (शेवटचा, नको असलेला भाग) सुरू.

आणि प्लीज, पहिला पेला फेकला की मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) गेलं हा समज डोक्यातून काढा, ते कमीजास्त प्रमाणात शेवटपर्यंत येत राहतं.

स्ट्रेंथचं म्हणाल तर अल्कोहोलमीटर (अल्कोहोल किती टक्के ते दाखवणारा तरंगता मापक) बहुतेक २० अंशाला कॅलिब्रेट केलेला असतो, गरम माल मोजला की रीडिंग जास्तच दाखवणार, आणि साखर घातलेल्या लिक्युअरमध्ये (गोड दारूत) तर तो निरुपयोगीच. ७०% चा १ लिटर ४०% वर आणायचा तर पाणी घालत एकूण १.७५ लिटर करा, ७५० मिली मोजून ओतू नका, मिसळल्यावर आकारमान थोडं घटतं.

वाफ पेट घेते, उघडी ज्योत जवळ नको. आणि बऱ्याच देशांत लायसन्सशिवाय हे बेकायदा आहे, ते आधी बघा.