मराठी मजकूर + गणिताची सूत्रं: कोणतं इंजिन, कोणता फॉन्ट? सल्ला हवा

शून्यलब्धी
नमस्कार मंडळी,
शाळेतल्या मुलांसाठी संख्यांच्या गमतीजमतींवर पुस्तिका करतोय. मजकूर मराठी, सूत्रं भरपूर, मधेमधे इंग्रजी नावं. इंग्रजी टिपणांसाठी वर्षानुवर्षं वापरलेली लाटेकची (कमांडी लिहून सूत्रांसकट मजकूर छापायची प्रणाली) फाइल आहे. तिच्या डोक्यावर ही पॅकेजेस, म्हणजे तयार जोडण्या: इनपुटएन्क, टी-वन घातलेलं फॉन्टएन्क, टाइम्स आणि सूत्रांसाठी न्यूटीएक्समॅथ. पीडीएफलाटेकवर (फाइलीचं पीडीएफ करणारं जुनं इंजिन) ती कधी कुरकुरली नाही.

मराठीसाठी फॉन्टएन्क काढलं आणि झीलाटेक हे दुसरं इंजिन लावलं. एरर एकही नाही, पण मराठीच्या जागी नुसता कोरा कागद, आणि इंग्रजी अक्षरही टाइम्स नाही, दुसरंच काहीतरी. मग लुआलाटेक हे तिसरं इंजिन घेऊन फॉन्टस्पेक या पॅकेजने नोटो सेरिफ देवनागरी फॉन्ट जोडला. अक्षरं उमटली, पण ‘गणित’चं ‘गणति’ झालं आणि जोडाक्षरांत पाय मोडलेले दिसतायत.

मी विंडोजवर, सहलेखिका लिनक्सवर. इंजिन कोणतं धरू, फॉन्ट कोणता घेऊ आणि जुन्यातली कोणती पॅकेजेस हाकलू?

अर्धविराम
पीडीएफलाटेक या कामातून बाद. त्याच्या एका फॉन्टात 256 खणच असतात आणि ओपनटाइप या आजच्या फॉन्ट-प्रकारातले जोडाक्षरांचे नियम त्याला वाचता येत नाहीत. वेल्थुइस यांची रोमनमध्ये टंकून देवनागरी छापायची पद्धत 1991 पासून आहे आणि तिच्यावर भलीभली पुस्तकं निघालीत, पण नवीन काम त्यात सुरू करू नका.

आता तुमचा कोरा कागद. लॉग फाइल (इंजिनाने लिहिलेली कामाची नोंद) उघडा. ‘मिसिंग कॅरेक्टर’ने सुरू होणाऱ्या ओळींची रांग लागलेली असेल. त्यांत लिहिलेलं असेल की लॅटिन मॉडर्न या आपोआप मिळणाऱ्या फॉन्टात क नाही, ख नाही. इंजिनाच्या लेखी ही चूक नव्हे, म्हणून ते थांबत नाही. टाइम्सचंही तेच. ते पॅकेज ‘पीटीएम’ नावाचं जुन्या एन्कोडिंगचं (अक्षरांना क्रमांक द्यायची पद्धत) फॉन्ट-कुटुंब मागतं. झीलाटेक आणि लुआलाटेक ‘टीयू’ या युनिकोडच्या एन्कोडिंगवर चालतात आणि तिथे पीटीएम नाहीच. मग लाटेक गुपचूप लॅटिन मॉडर्न देऊन मोकळं होतं.

तर इनपुटएन्क आणि टाइम्स, दोन्ही बाहेर. फॉन्टएन्क काढलंत ते बरं केलंत, परत आणू नका. टाइम्सच्या वळणाचं लॅटिन हवं तर टेक्स-जायर टर्मिस घ्या, ओपनटाइप आहे. काही पॅकेजेस शहाणी असतात. लिबर्टिनस हे पॅकेज इंजिन बघून जुना टाइप-वन फॉन्ट की ओपनटाइप ते स्वतःच ठरवतं. बाकीच्या पॅकेजेसची माहितीपुस्तिका उघडून बघायची. टी-वन एन्कोडिंगपलीकडे काही लिहिलेलं नसेल तर सोडून द्यायचं.

‘गणति’चं औषध सोपं आहे. फॉन्ट जोडताना ‘स्क्रिप्ट’ला ‘देवनागरी’ द्या. ते नसेल तर ऱ्हस्व वेलांटी टंकल्या क्रमाने ‘ण’च्या पुढे पडते आणि ‘त’ला चिकटल्यासारखी दिसते.

लुआवाले काका
वरच्यांना अनुमोदन, एक भर घालून. लुआलाटेकवर ‘रेंडरर’ला ‘हार्फबझ’ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररीसुद्धा द्या. नाहीतर अक्षरजुळणी लुआमध्ये लिहिलेल्या कोडकडून होते, आणि देवनागरीत ते कुठे ठेचकाळेल याचा नेम नाही. टेक लाइव्ह (लाटेकचा तयार संच) 2020 पासून लुआलाटेकच्या पोटात हार्फबझ आहेच, वेगळं काही बसवायला नको. झीलाटेक हार्फबझच वापरतं, तिथे हे सांगावं लागत नाही.

माझं मत लुआलाटेककडे. एक म्हणजे लाटेक प्रोजेक्टचं पीडीएफ टॅगिंगचं (मथळा, परिच्छेद अशा खुणा पीडीएफमध्ये घालायचं) काम मुख्यतः त्याला धरून चाललंय. दुसरं, बेबेल या भाषांच्या पॅकेजमध्ये मराठी इम्पोर्ट करून ‘ऑनचार’ला ‘आयडीज फॉन्ट्स’ दिलं की देवनागरी अक्षर दिसताच फॉन्ट आपोआप बदलतो. इंग्रजी नाव आलं की कमांड लिहा, ही कटकट नाही. झीलाटेकवर यासाठी यूकारक्लासेस हे पॅकेज आहे, पण ते फक्त तिथेच चालतं. उद्या इंजिन बदललंत तर ते काढून दुसरं बसवावं लागेल. लुआ हळू आहे, हे मान्य. पहिल्या खेपेला फॉन्टांची यादी करत बसतं तेव्हा घाबरून बंद करू नका.

शून्यलब्धी
स्क्रिप्ट आणि हार्फबझ, दोन्ही घातलं. गणित परत गणित झालं, धन्यवाद! आता सहलेखिकेच्या मशीनवर ‘फॉन्ट सापडत नाही’ येतंय. आणि न्यूटीएक्समॅथचं काय करू?

अर्धविराम
सूत्रं आठ बिटांच्या (256 खणांच्या) जुन्या फॉन्टवर राहिली तरी चालतं. न्यूटीएक्समॅथ आधी, मग ‘नो-मॅथ’ पर्याय देऊन फॉन्टस्पेक. क्रम उलटला तर सूत्रांतले आकडे भलत्या फॉन्टात जातात. सगळंच नवं करायचं असेल तर युनिकोड-मॅथ हे पॅकेज आणि स्टिक्स टू मॅथ हा फॉन्ट. दोन्ही इंजिनांवर चालतं. पण तेव्हा न्यूटीएक्समॅथ अजिबात नको, दोघं एका घरात नांदत नाहीत.

खिळाजुळारी
सहलेखिकेचा प्रश्न: फॉन्ट नावाने बोलावू नका, फाइलने बोलावा. झीलाटेक फॉन्टकॉन्फिगला (मशीनवरचे फॉन्ट शोधणारी प्रणाली) विचारतं, लुआलाटेक स्वतःची यादी बघतं. प्रकल्पाच्या फोल्डरात ‘फॉन्ट’ नावाचं फोल्डर करा, त्यात फाइली टाका, फॉन्टस्पेकला ‘पाथ’ द्या आणि नेहमीच्या व ठळक वळणाच्या फाइलींची नावं पूर्ण लिहा. दोघांकडे हुबेहूब तीच फाइल हे महत्त्वाचं. आवृत्ती वेगळी निघाली तर ओळी वेगळ्या तुटतात आणि पानांचे आकडे सरकतात.

गूगल फॉन्ट्सवरून उतरवताय ना? झिपमध्ये वरच दिसणारी फाइल बहुतेकदा व्हेरिएबल (एकाच फाइलीत साधं ते ठळक सगळी वळणं) असते. ती झीलाटेकला धड पचत नाही, ठळक मागितलं तरी साधंच वळण येतं. आतल्या ‘स्टॅटिक’ फोल्डरातल्या घ्या.

फॉन्टाबद्दल. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण ‘लँग्वेज’ला ‘मराठी’ सांगितल्याशिवाय मराठी वळण मिळत नाही. टिरो देवनागरी मराठीत ते मुळातच आहे आणि वाचनाच्या मजकुराला तो फारच देखणा. अडचण एवढीच की त्यात ठळक वळण नाही, फक्त साधं आणि तिरकं. मथळ्यांना ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट जोडा. मी तरी तसंच करतो. एकाच फॉन्टात भागवायचं तर आयआयटी मुंबईचा शोभिका: साधं, ठळक आणि लॅटिनही आहे, शिवाय टेक लाइव्हमध्येच मिळतो. कोणताही घ्या, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ट्र’, ‘ङ्म’ असं एक पान दोन्ही मशीनवर छापून बघा. नकली तिरकं वळण मात्र देवनागरीला लावू नका, शिरोरेघ बघवत नाही.

नवखा_पुणेकर
लाटेकऐवजी टिप्स्ट ही नवी प्रणाली का नाही? फॉन्टाचं नाव आणि भाषा लिहिली की मराठी नीट येतं, शिवाय क्षणात.

लुआवाले काका
कोरी पाटी असती तर मीही सुचवलं असतं. पण यांची सगळी सूत्रं लाटेकमध्ये आहेत. ती कोण परत टंकणार?

शून्यलब्धी
लुआलाटेक + टिरो + मथळ्यांना मुक्त असं ठरवलं. चाचणीच्या पानावर दऱ्या-सुऱ्या दोन्हीकडे सारख्या आल्या. शेवटचं: पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येईल का? शिक्षक मजकूर कॉपी करून प्रश्नपत्रिकेत टाकतील.

लुआवाले काका
हार्फबझ रेंडररवर जोडाक्षरांमागचा मूळ मजकूर अ‍ॅक्च्युअलटेक्स्ट म्हणून पीडीएफमध्ये जातो, म्हणून बहुतेक ठिकाणी जमतं. झीलाटेकवर त्यासाठी वेगळी खूण चालू करावी लागते. तरी दोनतीन पीडीएफ-वाचक प्रोग्राममध्ये, मोबाइलवरच्यासकट, ‘त्रिकोण’ आणि ‘वर्गमूळ’ शोधून बघा. काही वाचक अ‍ॅक्च्युअलटेक्स्टकडे बघतच नाहीत, आणि तिथे आपल्या हातात काही नाही.