जलपर्णीचा राक्षस उभा केलाय, पण लोक नको तिथे हसतात

पवनाकाठ
नमस्कार मंडळी. मी थेरगावचा, पुण्याजवळच्या पवना नदीकाठचा. केजूदेवी बंधाऱ्यापाशी आजोबांनी मला पोहायला शिकवलं. आता फेब्रुवारी उजाडला की काठावरून पाणीच दिसत नाही, नुसती हिरवी गादी. यावर आम्ही चार मित्र 14 मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय, कृष्णधवल, जुन्या राक्षसपटांच्या वळणाची.

गोष्ट अशी. एका रात्री जलपर्णीतून राक्षस उठतो. त्याला हटवायला समिती बसते, निविदा निघते, आणि पुढच्या वर्षीही निविदा निघावी म्हणून दरवेळी त्याचा थोडा भाग नदीत शिल्लक ठेवतात. शेवटी पावसाळ्यात पूर येतो, राक्षस वाहून जातो आणि सगळे फेटे बांधून सत्कार करून घेतात.

एकूण 65 हजार रुपये आहेत, चौघांच्या पगारातले. सूटमध्येच 18 गेले. फोमच्या शीट सोल्युशनने चिकटवल्या, वर प्लॅस्टिकची पानं शिवली. वजन 22 किलो. आतला मित्र दहा मिनिटांत घामाने निथळतो. सोसायटीच्या हॉलमध्ये वीसेक जणांना सहा मिनिटं दाखवली. राक्षस आला की हॉल हसतो. समितीच्या बैठकीला मात्र शांतता. मला नेमकं उलटं हवंय. ही नदी माझी आहे, तिचं हसू झालेलं मला चालणार नाही. काय चुकतंय?

देखावेवाला
मी 26 वर्षं गणपतीचे हलते देखावे करतो. बकासुर, नरकासुर, महिषासुर, सगळे उभे केलेत. तुमचा राक्षस माणूस दिसतो, कारण त्याला पाय दिसतात.

पाय झाका. नदीतून जलपर्णी उपटून बघा. पानाखाली हवेने फुगलेला देठ, आणि खाली काळसर मुळांचा झुबका, केसांसारखा. तोच झुबका तुमच्या राक्षसाचा घेर. काथ्या काळ्या-तपकिरी रंगात बुडवा, वाळवा, कमरेपासून जमिनीपर्यंत सोडा. आतल्या माणसाने गुडघे वाकवून पाय घासत चालायचं, पाऊल उचलायचंच नाही. डोकं वरखाली झालं नाही की बघणाऱ्याला तो सरकल्यासारखा वाटतो.

वजनाचं म्हणाल तर फोम कमी करा. कामट्यांचा पिंजरा बांधा आणि तो खांद्यावर न टाकता कमरेच्या पट्ट्यावर पेला, म्हणजे भार कुल्ल्यांवर येतो. पिंजऱ्यावर गोणपाट, त्यावर पानं. मानेमागे हात जाईल एवढी फट ठेवा, आत बॅटरीचा छोटा पंखा बसवा. दहा मिनिटं काम, दहा मिनिटं सूट बाहेर. जपानच्या 'गॉडझिला' या पहिल्या राक्षसपटातला राक्षसाचा पहिला सूट इतका जड आणि ताठ झाला होता की आतल्या माणसाला धड चालता येईना. त्यांना दुसरा हलका करावा लागला आणि पहिला कापून तुकड्यातुकड्यांच्या शॉटसाठी वापरला. तुमचाही जुना सूट फेकू नका. हात, पाठ, खांदा जवळून घ्यायला तो चालेल.

आणि एक हात जोडून सांगतो. सूट घातलेला माणूस नदीत उतरवू नका. फोम आणि गोणपाट पाणी पितात, आतल्याला पोहता येत असलं तरी वर येता येणार नाही. पाण्यातल्या शॉटला रिकामा पिंजरा दोन प्लॅस्टिकच्या ड्रमवर बांधा आणि काठावरून दोरीने ओढा.

कातरी
मी संकलन करते. देखावेवाला दादांनी शरीराचं सांगितलं, मी चित्रीकरणाचं सांगते.

तुमचा मित्र साडेपाच फुटांचा, राक्षस मात्र साधारण 88 फुटांचा दिसायला हवा, म्हणजे प्रमाण एकास सोळा. मोठी वस्तू पडायला, वळायला जास्त वेळ घेते. नियम वर्गमूळाचा आहे. सोळाचं वर्गमूळ चार, म्हणून सेकंदाला 24 ऐवजी 96 फ्रेम टिपा आणि दाखवताना 24 च्याच वेगाने दाखवा, म्हणजे हालचाल चौपट संथ दिसते. मोबाइलचं 120 चं सेटिंग त्याला पुरेसं जवळ आहे. पुठ्ठ्याचा छोटा नकली पूल आणि राक्षस एकत्र असतील तिथेच हे करा. माणसांच्या शॉटमध्ये नको. छोट्या पुलाखाली खरं पाणी ओतू नका. थेंब लहान करता येत नाहीत, तेवढ्यावरून सगळं उघडं पडतं.

कृष्णधवलमध्ये हिरवा आणि तपकिरी दोन्ही एकाच करड्या रंगात मिसळतात. रंग लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढून रंग उडवून बघा. पानांच्या कडा फिकट करा.

आता हसण्याचं. 1954 च्या मार्चमध्ये बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख जपानच्या एका मासेमारी बोटीवर पडली. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला गॉडझिला पडद्यावर आला, आणि तो सुरूच होतो समुद्रात लखकन उजेड पाहणाऱ्या खलाशांपासून. दिग्दर्शक इशिरो होंडांनी युद्धावरून परतताना हिरोशिमा पाहिलं होतं. राक्षसाची बातमी लोकांना सांगायची की दडपायची, यावर सरकारी समितीसमोर तावातावाने वाद होतो, तो प्रसंग पुन्हा बघा. कुणीही विनोद करत नाही.

तुमच्या सहा मिनिटांचा दुवा मी पाहिला. समितीतले नट विनोद करतायत: डोळे फिरवतात, पोट धरतात. ते थांबवा. त्या माणसांना आपण योग्यच वागतोय असं मनापासून वाटलं पाहिजे. 'हटवा, पण सगळा नको' हे वाक्य चहा मागावा तितक्या साधेपणाने आलं पाहिजे. आणि बैठकीच्या आधी राक्षसाने एक खरी गोष्ट हिरावून घ्या. सध्या त्याने कुणाचंच काही नेलेलं नाही.

पवनाकाठ
दोघांचेही मनापासून आभार. नवा पिंजरा 9 किलोत बसला. काथ्याचा घेर सोडला आणि रविवारी गच्चीवर 120 वर शूट केलं. माझी आई बघत होती, ती एक पाऊल मागे सरली.

कातरीताई, खरी गोष्ट सापडली. आजोबा रोज पहाटे बंधाऱ्यावर जायचे, शेवटच्या वर्षी पाण्यापर्यंत हात पोचेना म्हणून अर्घ्य न देताच परत यायचे. फिल्ममध्ये एक म्हातारा तांब्या घेऊन येतो, पानं बाजूला सारत राहतो, पाणी लागत नाही. मग ती पानं उठतात. त्याच्यामागोमाग थेट समितीची बैठक.

भिगवणहून
उशिरा वाचलं. तुमच्या शेवटाबद्दल बोलायचंय. पूर येतो, राक्षस वाहून जातो, सत्कार होतो. पण जातो कुठे? पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा संगमावर मुठेला, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि भीमा आमच्या उजनी धरणात येऊन थांबते. तुम्ही फेटे बांधता तेव्हा तो आमच्या दारात असतो. माझे काका उजनीच्या फुगवट्यात मासेमारी करतात. जाळं ओढलं की कधीकधी माशांपेक्षा ही पानं आणि प्लॅस्टिकच जास्त. त्यांचं दुःख तुमच्या गोष्टीत नाही, याचं मला वाईट वाटलं.

काकांशी बोललो. होडी देतील. सकाळी सातला उजेड छान असतो, फेब्रुवारीत रोहित पक्षीही असतात.

पवनाकाठ
हे मला सुचायला हवं होतं. सत्काराचा प्रसंग राहू दे, पण तो शेवट नाही. हारतुरे चालू असतानाचा आवाज तसाच ठेवून चित्र उजनीवर नेतो. होडी, जाळं जड लागतं, काका ओढतात, आणि पाण्यातून तो काथ्याचा झुबका वर येतो. रिकामा पिंजरा ड्रमवर, दोरी दुसऱ्या होडीतून.

15 तारखेच्या शनिवारी रात्री निघून भिगवणला मुक्काम करतो. काकांचा सकाळचा धंदा बुडेल, त्यामुळे होडीच्या भाड्याबरोबर तेही सांगा. 11 हजार शिल्लक आहेत.