पी-टाइप टेल्युराइडचा झेडटी ०.६७ वर अडकलाय, अँटिमनी वाढवू का?

पंचगंगाकाठ :
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे: उष्णतेपासून वीज करणारा पी-टाइप टेल्युराइड. तो किती चांगला ते सांगणारा आकडा म्हणजे झेडटी. बिस्मथ, अँटिमनी, टेल्युरियम ०.५ : १.५ : ३. क्वार्ट्झच्या नळीत निर्वातात सील करून ७५० अंशांना १० तास, मग ५ तास बॉल मिल, मग १२.७ मिमीच्या ग्रॅफाइट डायमध्ये व्हॅक्यूमखाली ४५० अंश, ६० मेगापास्कल, अर्धा तास. ३०० केल्विनला सीबेक (तापमानात एक अंश फरकाला मिळणारा व्होल्टेज) १६५ मायक्रोव्होल्ट, वाहकता १४०० सीमेन्स प्रति सेंमी, उष्णतावाहकता १.७. घनता ६.६. याच कुळातल्या पदार्थाला २००८ मध्ये १.४ मिळालाय. अँटिमनी १.६ केली तर वाहकता वाढून झेडटी वर येईल ना? शेवटी हे गुऱ्हाळाच्या धुराड्यावर लावून दाखवायचं आहे.

गरम_टोक :
भावा, उलटं होईल. तुझ्याकडे होल (वीज वाहणाऱ्या धन जागा) आधीच जास्त झालेत. या पदार्थात होल कुठून येतात? टेल्युरियमच्या जागी अँटिमनी बसते तिथून. अँटिमनी वाढवलीस की होल अजून वाढणार, सीबेक अजून पडणार, आणि सीबेक सूत्रात वर्गात आहे. हवा तो २०० ते २३०.

तुझ्याच आकड्यांवरून बघ. १६५ सीबेकला लोरेन्झ आकडा (वीज वाहताना होल किती उष्णता नेतात ते सांगणारा) साधारण १.७४ धर. म्हणजे १.७ पैकी ०.७३ उष्णता होलच वाहून नेतात. होल कमी केले की हा भागही उतरतो. उरलेली ०.९७ ही अणूंच्या जाळीच्या कंपनांची, ती मिलिंगने कमी होते. पण आधी पहिलं दुखणं.

टेल्युरियम उडतंय असा संशय आहे. नळी फोडलीस की वरच्या थंड टोकाला आतून राखाडी आरशासारखा थर दिसतो का? तेच ते. नळी आखूड ठेव आणि पूर्ण भट्टीच्या गरम भागात बसव. १० ग्रॅमच्या घाण्याला बिस्मथ १.५६०, अँटिमनी २.७२६, टेल्युरियम ५.७१४ ग्रॅम, त्यावर ०.२ ते ०.३ ग्रॅम टेल्युरियम जादा. तरी होल जास्तच आले तर अँटिमनी १.४५ वर आण, बिस्मथ ०.५५. हॉल मापन (होल किती आहेत ते मोजणारं) केल्याशिवाय तिसरा बदल करू नको.

आडवा_उभा :
रेसिपी बदलण्याआधी एक विचारतो. वीज मोजायचा बार कुठून कापला? ३ मिमी जाड चकतीतून आडवा कापला असेल, आणि लेझर फ्लॅश (उष्णतेचं मापन) त्याच चकतीवर जाडीच्या दिशेने केला असेल, तर तुमचा ०.६७ सुद्धा खरा नाही. हा पदार्थ थरांचा. दाबल्यावर थर आडवे झोपतात. वीज आडवी मोजली, जिथे ती सोपी जाते. उष्णता उभी मोजली, जिथे ती अडते. झेडटी फुकटचा फुगतो. छापून आलेल्या कित्येक निकालांत हीच मेख असते.

१४ मिमी उंच दंडगोल दाबा, साधारण १२ ग्रॅम पावडर लागेल. वरून २ मिमीची चकती उष्णतेसाठी, खालून उभा ३ × ३ × १० चा बार विजेसाठी. दोन्ही एकाच दिशेत. विशिष्ट उष्मा ०.१८६ ज्यूल प्रति ग्रॅम-केल्विन, याहून बराच वेगळा आला तर संदर्भ नमुना तपासा.

पंचगंगाकाठ :
बार आडवाच कापला होता 🙈 आरसाही दिसतो. जादा टेल्युरियम घालून ४५० लाच दाबू का?

गरम_टोक :
नको. जादा टेल्युरियम असेल तर ४२० च्या आसपास द्रव सुटतो आणि डायच्या फटीतून चंदेरी मणी बाहेर येतात. २०१५ मध्ये मुद्दाम भरपूर जादा टेल्युरियम घालून ते असं पिळून काढलं, कणांच्या सीमांवर डिसलोकेशनची (स्फटिकातल्या दोषरेषांची) दाट जाळी उरली, ३२० केल्विनला १.८६ नोंदवला गेला. पण तो वेगळा खेळ. तू ३९० ला दाब, वेळ तासभर कर. घनता ६.५ च्या खाली जाऊ देऊ नको.

दाबाचंही बघ. १२.७ मिमीच्या डायवर ६० मेगापास्कल म्हणजे जेमतेम पाऊण टन. २० टनी प्रेसच्या काट्यावर पाऊण टन वाचता येत नाही, लोड सेल लाव. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात मिलचा डबा गरम असताना हवेत उघडायचा नाही. पावडर एवढी बारीक असते की लगेच ऑक्साइड धरते. डबा गार होऊ दे, आर्गॉनमध्ये उघड.

चिपाड :
धुराड्याबद्दल. बाजारातलं १२७०६ मॉड्यूल (थंड करण्यासाठी विकलं जाणारं टेल्युराइडचं तयार मॉड्यूल) थेट चिकटवलंत तर टाके सुटतील, त्यातलं बिस्मथ-कथील सोल्डर १३८ अंशांना वितळतं. जनरेटर म्हणून विकलेलं घ्या, आणि मधे अॅल्युमिनियमची जाड पट्टी ठेवून गरम बाजू १५० च्या आत.

गार बाजूला पंखा लावू नका. काहिलीत जाणारा कच्चा रस स्टीलच्या जॅकेटमधून फिरवा. गार बाजूची उष्णता रसातच जाते, तेवढं चिपाड वाचतं.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. १५० आणि ५० अंशांमध्ये झेडटी ०.८ धरला तरी कागदावर ३.८ टक्के. मॉड्यूलमध्ये पायांच्या (टेल्युराइडच्या तुकड्यांच्या) १२७ जोड्या, पायांवर खरा फरक ६० अंश, म्हणजे ३ व्होल्ट; आतला रोध २ ओहम असेल तर १.१ वॅट. स्वतःचे पाय जोडणार असाल तर दोन्ही टोकांना आधी निकेल चढवा. सोल्डर थेट टेल्युराइडवर घातलं की कथील त्याच्याशी संयोग पावतं, सांधा ठिसूळ होतो आणि चार-सहा गरम-गार फेऱ्यांत पाय उखडून हातात येतो.