मदत हवी आहे: अकरावीची प्राचीन इतिहासाची उजळणी तीन आठवड्यांत कशी घेऊ?

नमस्कार मंडळी, मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला अकरावी आर्ट्सला इतिहास शिकवते. वार्षिक परीक्षेला जेमतेम तीन आठवडे उरलेत. बारावीच्या बोर्डाला आमच्या खोल्या गेल्या, मी स्वतः सुपरव्हिजनला, त्यामुळे फेब्रुवारीपासून सलग तास असे झालेच नाहीत. पोर्शन संपलाय हो, पण मुलांच्या डोक्यात किती उरलंय ते परवा सराव पेपर तपासताना कळलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

रिकाम्या जागा, जोड्या लावा हे बऱ्यापैकी जमतं, कारण गाईडमधून पाठ केलेलं असतं. अडतं ते पुढे. एक म्हणजे इ.स.पू.चा हिशोब. मौर्य सत्ता इ.स.पू. ३२१ ला सुरू झाली आणि इ.स.पू. १८५ ला संपली, तर निम्म्या वर्गाला वाटतं की १८५ आधी आलं. कलिंगाचं युद्ध इ.स.पू. २६१, तर शतक लिहिलंय दुसरं. उलटी मोजणी आहे हे तीनदा सांगितलं, माना हलवतात, पेपरात परत तेच.

दुसरं म्हणजे नावांची सरमिसळ. चंद्रगुप्त मौर्य, गुप्तांचा पहिला चंद्रगुप्त आणि दुसरा चंद्रगुप्त, तिघांचं मिळून एकच माणूस करून टाकतात, मग मौर्यांकडे आलेला ग्रीक वकील मेगॅस्थिनीस आणि गुप्तकाळात आलेला चिनी प्रवासी फाहियान एकाच दरबारात येऊन बसतात! दोघांमध्ये सातशे वर्षांचं अंतर आहे. सातवाहनांचा पुलुमावी आणि चालुक्यांचा पुलकेशी यांचंही तसंच.

आणि सगळ्यात वाईट वाटतं ते 'तुमचे मत नोंदवा' आणि 'सकारण स्पष्ट करा' वाचताना. मतच नसतं. "अशोक महान राजा होता, त्याने धर्माचा प्रसार केला, म्हणून तो महान होता." एवढंच. मुलं ढ नाहीत, यातली कितीतरी सकाळी दूध घालून, गुरांचं बघून एसटीने येतात, वर्गात बोलायला लागली की छान बोलतात. लिहिताना मात्र सगळं गायब होतं.

एक गोष्ट सांगते म्हणजे माझी तगमग कळेल. ताम्रपाषाणयुग (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायचा काळ) घेताना इनामगाव आलं. घोड नदीकाठचं, शिरूर तालुक्यातलं, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे कितीतरी वर्षं खणलेलं. एक मुलगा उठून म्हणाला, मॅडम, हे आपलंच इनामगाव का, माझी मावशी दिली तिथं. तोवर त्याला ते पुस्तकातलं कुठलं तरी लांबचं गाव वाटत होतं. त्या दिवशी तास कसा संपला कळलं नाही, घराच्या जमिनीखाली लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून पुरायचे हे सांगितलं तर वर्ग एकदम शांत झाला. आणि सराव पेपरात त्याच मुलाने इनामगाव सिंधू नदीवर नेऊन ठेवलंय.

तर विचारायचं हे की उरलेल्या बारा-तेरा तासांत काय धरू आणि काय सोडू? अपेक्षित प्रश्न पाठ करून घ्या असं स्टाफरूममध्ये सगळे सांगतात, पास होतीलही त्याने, पण मन घेत नाही. कुणी काही करून पाहिलं असेल तर सांगा प्लीज.

काळीफळी:
ताई, इ.स.पू. तोंडी सांगून कधीच जात नाही डोक्यात, मी सव्वीस वर्षं शिकवलंय. सुतळी आणा. शंभर वर्षांना एक फूट. इ.स.पू. २६०० पासून इ.स. ७०० पर्यंत धरलं तर ३३ फूट होते, व्हरांड्यात बांधा. जिथे इ.स. सुरू होतं तिथे लाल चिंधी. मग मुलांनाच चिठ्ठ्या लावायला सांगा. नागरी हडप्पा संस्कृती सात फूट, मौर्य दीड फुटापेक्षाही कमी. मुलं चकित होतात, कारण पुस्तकात मौर्यांना एवढी पानं असतात. हडप्पाची शहरं ओस पडली तिथून चंद्रगुप्त मौर्यापर्यंत जवळजवळ सोळा फूट चालावं लागतं आणि मौर्य संपल्यापासून गुप्तांपर्यंत फक्त पाच. एकदा पायाने चालून पाहिलं की तीन चंद्रगुप्त एकत्र येत नाहीत, मौर्य लाल चिंधीच्या अलीकडे आणि गुप्तांचे दोघे पलीकडे. शतकासाठी सोपं सांगा, २६१ तल्या शेकड्याच्या आकड्यात एक मिळवा, तिसरं शतक. फक्त ३०० सारखा पुरा शेकडा असेल तर मिळवायचं नाही.

नाणेघाटवाट:
मत लिहिता येत नाही कारण आपण त्यांना निकाल सांगतो, पुरावा दाखवत नाही. मी एक करते, प्रत्येक धड्याला एकच प्रश्न, 'हे आपल्याला कशावरून कळलं?' अशोकाचंच घ्या. तेराव्या शिलालेखात तो स्वतः सांगतो की कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख धरून नेली आणि आपल्याला पश्चात्ताप झालाय. पण खुद्द कलिंगात, म्हणजे आजच्या ओडिशात, धौली आणि जौगडला, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही, त्याऐवजी वेगळे लेख आहेत. मुलांना एवढंच सांगा आणि विचारा का बरं? अर्धा तास भांडतील. एक म्हणेल जखमेवर मीठ नको म्हणून, दुसरी म्हणेल तिथल्या लोकांना आकडे कळू द्यायचे नव्हते. जे बोलले तेच लिहायला लावा, आधी मत, मग 'कारण' आणि मग पुरावा, चार ओळी पुरतात.

आपल्याकडचंही आहेच. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाला हरवलं हे पाठ करतात, पण नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, नहपानाची, आणि त्यातल्या साधारण दोन-तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा परत मारलेला आहे, हे सांगितलं की कोण जिंकलं ते विसरणं शक्यच नाही. सोपाऱ्याचा अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईच्या म्युझियममध्ये आहे, फोटो दाखवा.

भूगोलवाला:
नकाशाचे मार्क फुकट जातात ते नद्यांमुळे. ठिकाणं पाठ करून घेऊ नका. कोऱ्या नकाशावर आधी फक्त सिंधू, रावी, गंगा, नर्मदा, गोदावरी, कृष्णा काढून घ्या, रोज, हात बसेपर्यंत. मग रावीवर हडप्पा, सिंधूवर मोहेंजोदडो, गंगेवर पाटलीपुत्र, गोदावरीवर पैठण. खंभातच्या आखाताच्या आतल्या टोकाशी लोथल, कच्छमध्ये धोळावीरा. त्यानंतर व्यापाराची वाट पेन्सिलने जोडायला लावा, तेर ते पैठण ते भडोच, आणि जुन्नरहून नाणेघाट उतरून कल्याण-सोपारा. रस्ता जोडला की ठिकाण हलत नाही.

(मूळ पोस्ट लिहिणारी):
सगळ्यांचे मनापासून आभार, लगेच उत्तर देता आलं नाही कारण सुतळी बांधण्यात गुंतले होते 🙏 व्हरांडा तेहतीस फुटांचा भरला नाही म्हणून शेवटचे चार फूट जिन्यावरून वळवले, हर्षवर्धन आणि पुलकेशी पायऱ्यांवर आलेत. इतर वर्गांची मुलंही येता-जाता वाचतायत. नाणेघाटवाट ताई, धौलीचा प्रश्न काल घेतला. एक मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती, तिने लिहिलंय, "माझ्या मते त्याने तिथे लेख कोरला नाही कारण ज्यांची माणसं मेली त्यांना आकडा सांगायची गरज नसते." मी पेपर बाजूला ठेवून बराच वेळ तशीच बसले. पुराव्याचं वाक्य अजून येत नाहीये तिला, पण येईल.

मावशीवाल्या मुलाने घोड नदी न चुकता काढली, भीमेला मिळते तिथपर्यंत.

आता एकच राहिलं, विदर्भातलं वाकाटक घराणं. राणी प्रभावतीगुप्ता, नंदिवर्धन आणि वत्सगुल्म या दोन राजधान्या आणि अजिंठ्याचं सोळावं लेणं एका तासात बसवायचंय. प्रभावतीगुप्तापासून सुरुवात करू की लेण्यातल्या वराहदेवाच्या (वाकाटकांचा मंत्री) लेखापासून? विदर्भातलं कुणी असेल तर सांगा, शुक्रवारी तास आहे.