‘एपिजेनेटिक’ला मराठीत काय म्हणायचं: अधिजनुकीय, अपिजनुकीय की सरळ मुसकं?

तापीकाठ:
राम राम मंडळी. भाचीचा कॉलेजात सेमिनार आहे, मराठीतून बोलायचंय, आणि विषय लिहून आणला तो असा, ‘पेशीविकासातील जनुक अभिव्यक्तीचे अधिजनुकीय नियंत्रण’. ओट्यावर बसून मोठ्याने वाचत होती, तेवढ्यात दाजी केळीतल्या ठिबकच्या नळ्या फ्लश करून आले, ऐकून घेतलं आणि म्हणे, “आते हाई मराठीमा सांग.” भाची गप्प, मी पण गप्प.

मला दोन शब्द खटकताहेत. एक ‘अभिव्यक्ती’, म्हणजे इंग्रजीतलं एक्सप्रेशन, जनुकाचं काम चालू होणं. हे ऐकलं की आधी स्वातंत्र्य आठवतं, मग कविता, जनुक काही आठवत नाही. आणि दुसरा ‘अधिजनुकीय’, म्हणजे ‘एपिजेनेटिक’, जनुक तेच ठेवून ते चालू किंवा गप्प करण्याबद्दलचं. अधि म्हटलं की अधिकारी, अधीक्षक, अधिपती, म्हणजे जनुकाच्या डोक्यावर कोणी सायेब बसलाय असं वाटतं. जाणकारांनी सांगा.

भाषाप्रेमी_धुळे:
‘अधि’ चूकच म्हणता येणार नाही, पण मूळ शब्दात सायेब नव्हता. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ वॅडिंग्टनने १९४२ मध्ये हा शब्द काढला तेव्हा त्याच्या डोक्यात जुना ‘एपिजेनेसिस’ होता, म्हणजे गर्भ आधीच तयार असलेला चिमुकला प्राणी नसतो, तो टप्प्याटप्प्याने घडत जातो हा विचार. ‘जनुकाच्या वरचं’ हा अर्थ नंतर चिकटला आणि आपण भाषांतर नेमकं त्याचंच केलं. ग्रीक ‘एपि’ आणि संस्कृत ‘अपि’ सख्ख्या बहिणी आहेत म्हणून काहीजण अपिजनुकीय सुचवतात. दिसायला छान, पण मराठी माणसाला अपि फक्त तथापि, यद्यपि, कदापि मधेच भेटतो, त्यामुळे ‘जनुकसुद्धा’ असं काहीतरी ऐकू येतं.

शेतकी_पदवीधर:
शब्दाच्या आधी वस्तू बघा ना भो. लिव्हरची पेशी घ्या आणि मेंदूची घ्या, दोघींकडे तीच साधारण २०,००० जनुकं, एक कमी नाही एक जास्त नाही, तरी एक पित्त बनवते आणि दुसरी निरोप पोचवते, कारण प्रत्येकीत वेगवेगळी जनुकं चालू आहेत आणि बाकीची गप्प बसवलीत. कशी बसवली? डीएनएवरच्या सायटोसीन या अक्षराला मिथाइलचा छोटा गट चिकटवतात. कापसात कोळपणी करताना बैलाला मुसकं बांधतो तसं समजा, बैल तोच, दातही तेच, फक्त खाता येत नाही. आणि पेशी दुभंगली की नव्या डीएनएवरही ते मुसकं परत बांधलं जातं, म्हणून लिव्हरच्या पेशीपासून लिव्हरचीच पेशी होते.

दुसरा प्रकार गुंडाळण्याचा. एका पेशीतला डीएनए ताणला तर जवळजवळ २ मीटर भरतो, तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळावर १४७ अक्षरजोड्या, जेमतेम पावणेदोन वेढे. वेढा घट्ट तर जनुक वाचता येत नाही, सैल तर येतं.

आणि सायेबाचं म्हणाल तर मुसकं बांधणारं विकर (एन्झाइम) स्वतःच एका जनुकापासून बनतं. सायेबाचा पगार बैलच देतो 😄

तापीकाठ:
मुसकं दाजींना लगेच पटलं. पण ते विचारतात, सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच तर मग कोणी काय व्हायचं हे ठरतं कसं?

भाषाप्रेमी_धुळे:
वॅडिंग्टनचंच १९५७ चं चित्र आहे, डोंगरउतारावर एक गोळा, तो म्हणजे पेशी, आणि खाली फुटत जाणाऱ्या दऱ्या. आपल्याकडे ते चित्र काढायचीही गरज नाही, सातपुडा बघा. वर पडलेलं पाणी एकच, पण एकदा अनेर नदीला लागलं की ते सुकी नदीत जात नाही. म्हणून मला ‘खोरं’ हा शब्द फार आवडतो, पेशी आपल्या खोऱ्याला लागली असं म्हणता येतं, ‘पेशी विभेदन’ म्हणण्यापेक्षा किती बरं! (जपानी शास्त्रज्ञ यामानाकाने २००६ मध्ये उंदराच्या कातडीच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना परत माथ्यावर नेलं, म्हणजे चार मोटरी लावून पाणी सातपुड्यावर चढवलं म्हणा. २०१२ चं नोबेल मिळालं त्याला, ब्रिटिश शास्त्रज्ञ गर्डनसोबत.)

अभिव्यक्तीला मी ‘उमटणं’ म्हणेन. कुठल्या पेशीत कुठलं जनुक उमटतं. आविष्कारही चालला असता, पण हल्ली हिंदीमुळे आविष्कार म्हणजे शोध असं पोरांना वाटतं.

बायो_मॅडम:
उमटणं गोड आहे पण घोळ होईल दादा. ‘इम्प्रिंटिंग’ला, म्हणजे आई-बापापैकी एकाकडून आलेलं जनुक गप्प राहतं त्याला, आपण ठसा म्हणतो आणि ठसाही उमटतोच. तिथे तर उलटं आहे, ठसा असला की जनुक गप्प. आयजीएफ-२ हे वाढीचं जनुक बहुतेक पेशींत बापाकडून आलेलं चालतं, आईकडचं गप्प. मग ‘ठसा उमटल्यामुळे जनुक उमटलं नाही’ असं वाक्य लिहायची वेळ येते, आणि ते तपासायला माझ्याकडेच येतं. मी वर्गात सरळ ‘जनुक चालू, जनुक गप्प’ म्हणते. बंद म्हणत नाही, बंद म्हटलं की मुलं बिघडलं असं लिहितात.

उदाहरणाला मांजर द्या. काळी-पिवळी ठिपक्यांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी प्रत्येक पेशीत एकच चालू, कुठे काळ्या रंगाचं कुठे पिवळ्या. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायनने १९६१ मध्ये हे मांडलं. अंगावरचा एकेक ठिपका म्हणजे गर्भात असताना एका पेशीने घेतलेला निर्णय, तिच्यापासून झालेल्या पेशींनी इमानाने पाळलेला.

शेतकी_पदवीधर:
दाजींना टिशू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या रोपांचं पण सांगा. पाम तेलाच्या झाडाची टिशूची रोपं फळ वेडंवाकडं धरायची, २०१५ मध्ये कळलं की त्यात डीएनएच्या एका तुकड्यावरचं मुसकं सुटलं होतं. अक्षरं सगळी शाबूत.

तापीकाठ:
सांगितलं. आता दाजी म्हणताहेत आपल्याही प्लॉटमधे चार-पाच झाडं बुटकी निघालीत, त्यांचं मुसकं तपासून मिळेल का. त्यांना म्हटलं केळीत वेगळीही कारणं असतात, ऐकत नाहीत. भाचीने नाव बदललं, ‘पेशी घडताना कोणतं जनुक चालू, कोणतं गप्प’. अधिजनुकीय खाली बारीक अक्षरात ठेवलंय, मार्कांसाठी. हिस्टोनला मात्र अजून शब्द नाही, रीळ लिहू का फिरकी?