ॲश नसला की एव्हिल डेड संपतो का? (स्पॉयलर आहेत, आधीच सांगतोय)

तळघर:
परवा एकाने एव्हिल डेड या भयपट मालिकेतल्या 'एव्हिल डेड राईज'चा (२०२३) चार ओळींत निकाल लावला. जुना नायक ॲश नाही, जंगलातली केबिन नाही, मस्ती नाही, नुसतं रक्त ओतलंय आणि जुन्या नावावर तिकिटं खपवलीत. खाली सहमत-सहमतची रांग. तेव्हा गप्प बसलो पण डोक्यातून जाईना, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

सिनेमा आवडला नाही तर ठीक आहे, जबरदस्ती नाही. पण ज्या पहिल्या भागाच्या शपथा घेताय तो तरी नीट आठवा. १९८१ चा ॲश म्हणजे तुटक्या हातावर चेनसॉ चढवून डायलॉग फेकणारा गडी नव्हे. तो एक घाबरलेला पोरगा आहे, फळ्यांखाली अडकून पडतो, सोबतची माणसं एकेक करून जातात आणि याच्या हातून काहीही होत नाही. झपाटलेल्या प्रेयसीचे, लिंडाचे, तुकडे करायला चेनसॉ उचलतो पण तिच्याकडे बघून हात चालत नाही, तशीच नेऊन पुरतो तिला. तुम्हाला आठवतो तो ॲश १९८७ च्या दुसऱ्या भागात जन्मला आणि 'आर्मी ऑफ डार्कनेस'मध्ये वाढला. वर २०१५ ते २०१८ त्याच्या नावाची मालिका झाली. भरपूर मिळालाय तो आपल्याला.

मग पहिल्या भागात भीती नेमकी कशाची होती? सगळ्यात आधी झपाटली जाते ती शेरिल, ॲशची सख्खी बहीण. तिला तळघरात कोंडतात आणि ती मधेच एकदम साध्या आवाजात म्हणते, मी बरी आहे आता, साखळी काढ. लिंडा पण तेच करते. आपल्या माणसाचा आवाज येतोय आणि दार उघडायचं की नाही हे ठरवायचंय, हा खरा एव्हिल डेड. राईजमध्ये झपाटून लिफ्टमधून परत आलेली एली फ्लॅटच्या बंद दाराबाहेर उभी राहून धाकट्या कॅसीला लाडीगोडी लावते तेव्हा दिग्दर्शक ली क्रोनिन थेट तिथेच पोचलाय, आणि या वेळी आत मुलं आहेत, बाहेर त्यांची आई आहे. क्रोनिनचा आधीचा 'द होल इन द ग्राउंड' (२०१९) बघा, त्यात आईला संशय येतो की हा मुलगा आपला नाहीच. तोच धागा त्याने इथे उलटा ओढला. हे नुसतं रक्त ओतणं वाटत असेल तर मग बोलणंच खुंटलं.

रीळवाला:
गोष्ट बरोबर सांगितलीत, पण एव्हिल डेड गोष्टीमुळे एव्हिल डेड झालाच नाही ना. तो झाला कॅमेऱ्यामुळे. पैसे नाहीत, टेनेसीच्या जंगलात थंडीत कुडकुडत शूटिंग, सोळा एमएमवर, आणि स्टेडीकॅम (चालताना कॅमेरा हलू न देणारं उपकरण) परवडत नाही म्हणून कॅमेरा फळीवर ठोकून दोघं ती फळी धरून झाडांतून पळत सुटले. त्या पळण्यातून ती अदृश्य गोष्ट तयार झाली, राक्षस न दाखवता. बघताना कळतं की मागे पोरं आहेत आणि ती काहीतरी शोधून काढतायत.

राईजची सुरुवात आठवा. तसाच कॅमेरा तळ्यावरून सूं करत येतो आणि मग कळतं की तो ड्रोन आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझं डोकं फिरलं. पहिल्या भागाच्या दिग्दर्शकाची, सॅम रेमीची सगळ्यात मोठी गोष्ट घेतली आणि पहिल्याच मिनिटात तिचा विनोद करून टाकला, आणि पुढे त्या जागी स्वतःचं काय ठेवलं तर अंधार. सगळ्या खोल्या एकाच काळपट रंगाच्या. शेवटी चेनसॉ काढला कारण चेनसॉ निघायलाच हवा, लिफ्ट रक्ताने भरली कारण लिफ्ट म्हटलं की दुसरा एक प्रसिद्ध सिनेमा, 'द शायनिंग', आठवायलाच हवा. पाहुण्यांना अल्बम दाखवतात तसं झालं सगळं.

हाडकुळा:
तुम्ही दोघं १९८१ आणि २०२३ मध्ये भांडताय आणि मधला २०१३ चा एव्हिल डेड कुणाच्या लक्षातच नाही, नेहमीप्रमाणे. मियाचं व्यसन सोडवायला मित्र तिला केबिनमध्ये आणतात, त्यामुळे ती किंचाळते तेव्हा सगळ्यांना वाटतं अंमली पदार्थ सोडल्याचा त्रास आहे. याला म्हणतात लिहिणं. शिवाय त्यात नियम होते: जाळा, जिवंत पुरा, नाहीतर तुकडे करा, आणि पाच आत्मे पूर्ण झाले की तो राक्षस वर येणार. शेवटचा रक्ताचा पाऊस. राईजमध्ये नियम काय आहेत हे मला कुणीतरी सांगा. कोण कधी झपाटलं जाणार, कसं थांबणार, काही पत्ता नाही, क्रोनिनला वाटेल तेव्हा वाटेल ते. आणि तळ्याचा सीन सुरुवातीला कशाला चिकटवला? शेवटी तळ्यावरची ती जेसिका पार्किंगमध्ये दाखवून शिवण घातलीय पण ती दिसते.

तळघर:
तळ्याचा सीन नसता तरी चाललं असतं, एवढं देतो. त्याच्या पुढे काही देत नाही.

उंबरठा:
माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो कुणी काढणार नाही हे माहीत असल्यामुळे मीच काढते. या मालिकेत पहिला बळी कायम बाईच का? शेरिल, मग मिया, मग एली. १९८१ मधला झाडं शेरिलवर अत्याचार करतात तो सीन तर रेमीलाही नंतर नको इतका हिंसक वाटला, तसं तो बोललाय. राईजमध्ये झाडांच्या जागी लिफ्टच्या केबल्स आल्या, बाकी तेच. आणि आता आईच घेतली.

मला खुपलं ते रक्त नाही. एली झपाटल्यावर मुलांना म्हणते की तुम्हा बांडगुळांपासून सुटले आता. माझ्या बाळंतपणानंतर मी खूप महिने नीट नव्हते. रडायचे, बाळाला जवळ घ्यावंसं वाटायचं नाही, आणि असलेच विचार मनात यायचे आणि त्या विचारांची मला भयंकर भीती वाटायची. घरातलेच म्हणायचे, हिच्यात काहीतरी शिरलंय. ते नैराश्य होतं, औषधाने बरं झालं. तर हा सिनेमा नेमका तोच विचार उचलतो, जो थकलेल्या, नवरा सोडून गेलेल्या, एकटीने तीन पोरं सांभाळणाऱ्या बाईच्या मनात खरोखर येऊ शकतो, आणि तो राक्षसाच्या तोंडी देतो. म्हणजे चांगली आई असं बोलतच नाही, बोलली की ती आई नाहीच. हे धाडस नाही, घरात मी जे ऐकलं तेच मोठ्या पडद्यावर आहे. वर एलीची बहीण बेथ गरोदर, म्हणजे जिला मूल हवं की नको हे ठरलेलं नाही तिने दुसऱ्याचं मूल वाचवून आईपणाची परीक्षा पास व्हायची.

कंदील:
उंबरठा, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. तरीही मला तोच सीन उलटा लागला, ते सांगतो.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. विसरायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण माणूस दुष्ट बोलायला लागतं हे कुणी आधी सांगत नाही. चेहरा तोच, आवाज तोच, हाक मारायची ती लहानपणची, आणि पुढच्या वाक्यात असं काहीतरी की मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचो. पुन्हा मधेच अर्धा तास अगदी पहिल्यासारखी, आणि मी मूर्खासारखा आशा धरायचो की आली परत. एली अंडी करत उभी असते आणि मुलं मागून बघतात, की ही आई आहे पण काहीतरी चुकतंय, तिथे मला बसवेना. रक्त यायच्या आधी. त्या बांडगुळांच्या वाक्याने मला आईचा राग नाही आला, उलट वाटलं की हे ती बोलत नाहीये हे कुणीतरी पहिल्यांदा इतकं स्पष्ट दाखवलं. मला तो सिनेमा सुटका वाटला.

रीळवाला:
तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण आता मी क्रोनिनच्या प्रकाशयोजनेवर काही बोललो की मी दगड ठरणार. चर्चा सिनेमा आधीच्या भागांच्या तोडीचा आहे का ही होती. आपण दुःख घेऊन गेलो आणि पडद्यावर ते दिसलं म्हणून पडद्यावरचं काम चांगलं ठरत नाही, सुमार सिनेमे बघूनही माणसं रडतात.

कंदील:
मी तुम्हाला गप्प करायला लिहिलेलं नाही. तुम्ही कॅमेरा फळीवर ठोकला ही गोष्ट कौतुकाने सांगितलीत, तीही सिनेमाबाहेरचीच गोष्ट आहे, पडद्यावर फळी दिसत नाही. तुमच्या आठवणी म्हणजे समीक्षा आणि माझ्या म्हणजे रडगाणं, असं कसं?

रीळवाला:
फळी दिसत नाही पण फळीचा परिणाम प्रत्येक फ्रेममध्ये दिसतो! कुठल्याही माणसाला, कुठल्याही घरच्याला दिसतो. हा फरक कळत नसेल तर मी थांबतो.

उंबरठा:
थांबू नका, पण आवाज खाली ठेवा. कंदील, तुम्ही मुलाच्या जागेवरून बघताय म्हणून तुम्हाला सुटका वाटते. ती बोलत नाहीये, हे तुम्हाला दिलासा देतं. मी एलीच्या जागेवरून बघते, आणि मला भीती वाटते की उद्या मी खरंच वैतागून बोलले तरी लोक म्हणतील ही बोलतच नाहीये. दोन्ही खरं असू शकतं हे मला मान्य आहे, पण सिनेमाला दुसरं दिसलेलंच नाही. एली झपाटायच्या आधी तिला मिळतं काय? दमलेली दाखवली, टॅटू काढताना दाखवली, बहिणीशी जरा खटका, संपलं. तिला आणखी दहा मिनिटं द्यायची होती. मग तिने बोललेलं खोटं किती आणि खरं किती हा प्रश्न आपल्याला पडला असता, आणि तोच जास्त भयानक आहे.

तळघर:
हे मात्र मी विचारात घेतलंच नव्हतं. तरी एक. ती खटक्याची जागा आहे ना, बेथने फोन उचलले नाहीत आणि एलीचा नवरा गेला हे तिला माहीतच नाही, ती मला पुरेशी वाटली. एली झालेली ॲलिसा सदरलंड तेवढ्यात सगळं करते. आणि बेथला परीक्षा म्हणता, पण ती तर येते तीच मदत मागायला, बहिणीची आई होऊन नाही. १९८१ मध्ये ॲशला लिंडाला कापता आलं नाही, इथे बेथला स्वतःच्या बहिणीला लाकडं भरडायच्या मशीनमध्ये घालावं लागतं. चेनसॉ फक्त हौसेपोटी काढलाय हे म्हणूनच पटत नाही.

चिमटा:
मी नाटकांसाठी मेकअप आणि जखमा करते, त्यामुळे जरा कामाचं बोलते. १९८१ मध्ये कॉर्न सिरप, खाण्याचा रंग आणि दुधाच्या पावडरीसारखं क्रीमर घालून रक्त केलं होतं, क्रीमरमुळे ते दाट आणि गढूळ दिसतं. असलं रक्त दिव्यांखाली चिकटून बसतं, कपडे कडक होतात, नट वैतागतात, मी स्वतः शिव्या खाल्ल्यात. राईजसाठी सहा हजार पाचशे लिटर रक्त केलं होतं, आणि ते पडद्यावर जड दिसतं, कॉम्प्युटरचं रक्त हवेत उडून नाहीसं होतं तसं नाही. पण सगळ्यात जास्त लोक कशाला ओरडले? किसणीला. तिथे रक्त चमचाभर असेल. किसणी प्रत्येकाने हातात धरलेली आहे, बोट सोलून घेतलेलं आहे, त्यामुळे पोटरीला लागायच्या आधीच अंग आकसतं. हातापायांचा तो एकत्र झालेला शेवटचा प्राणी माझ्यातल्या कारागिराला खूप आवडला, पण त्याची भीती एकदाही वाटली नाही. क्रोनिन छोट्या वस्तूंत उस्ताद आहे आणि मोठं काही करायला गेला की इतरांसारखा होतो.

हाडकुळा:
किसणी २०२३ ची, पण इलेक्ट्रिक सुरीने स्वतःचा हात २०१३ मध्येच कापून झाला होता. नोंद असावी.

रीळवाला:
चिमटा यांचं पटलं. आणि ठीक आहे, पीपहोलचा सीन घ्या तुम्हाला. कॅमेरा दाराच्या आत, बाहेर कॉरिडॉरमध्ये एकेक शेजारी मरतोय आणि आपल्याला फक्त त्या गोल भिंगातून वाकडंतिकडं दिसतंय, कोण कुठे गेलं कळत नाही. तिथे कॅमेऱ्याने स्वतः काहीतरी केलंय. रेमीने तसं केलं नसतं, आणि ते चांगलं आहे. पण सत्त्याण्णव मिनिटांत एक! पहिल्या भागात तसं दर पाच मिनिटाला होतं. तोडीचा म्हणायला मला एवढं पुरत नाही आणि पुरणारही नाही. शेजाऱ्याचा डोळा उडून दुसऱ्याच्या तोंडात जातो तो तर १९८७ मधून उचललेला.

कंदील:
एक पुरतो. मला पुरला.

उंबरठा:
मला नाही. मिया पुरून, परत धडधड सुरू करून वाचली, तिला तिचं शरीर परत मिळालं. एलीला काहीच परत मिळत नाही, मरताना बेथला मुलांना वाचव म्हणते तेवढंच, त्यानंतर शेवटपर्यंत ती एकदाही स्वतः म्हणून बोलत नाही.

कंदील:
आमच्याकडेही शेवटी ती परत आली नाही. म्हणूनच मियाचं परत येणं मला खोटं वाटतं आणि हे खरं.

हाडकुळा:
मियाला खोटं म्हणायचं काम नाही. तिच्यासाठी भाऊ जीव देतो, ते फुकट मिळालेलं नाही. आणि नियमांचं मी विचारलं होतं, त्यावर अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.

तळघर:
नियम नाहीत. १९८१ मध्ये तरी कुठे धड होते, तुकडे करा एवढं केबिनमध्ये सापडलेल्या टेपवर सांगितलं आणि पहाटे ॲश दाराबाहेर आला तेव्हा सगळं संपलेलं असूनही ती गोष्ट जंगलातून त्याच्यावर धावत आलीच.

रीळवाला:
फळीवरून धावत आली. विसरू नका.