पावसाळ्यात पिस्तुलाची स्लाइड: टफट्रायडिंग, सेराकोट की नुसतं तेल?

डिचोलीकर (धागा सुरू करणारा)

२०२४ च्या लोकसभेच्या वेळी परवान्याचं .३२ पिस्तूल जमा करावं लागलं. गोव्यात मतदान ७ मे ला, निकाल ४ जूनला, आणि पिस्तूल हातात आलं तोवर मिरगाचे पाऊस सुरू झालेले. घरी आणून चामड्याच्या म्यानातून काढलं तर स्लाइडच्या (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) डाव्या अंगाला, नेमकं जिथे चामडं चिकटून बसतं तिथे, तांबेरा. बारीक स्टीलच्या लोकरीने घासला, गंज गेला, पण खड्डे राहिले.

तेव्हापासून जे वाचलं, विचारलं, त्यावरून माझं मत झालंय: आपल्या हवेत वरून लावलेलं काही टिकत नाही, लोखंडात मुरतं तेच टिकतं. म्हणजे नायट्रायडिंग, पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं, वर्कशॉपवाले ज्याला टफट्रायडिंग म्हणतात ते. ग्लॉक या पिस्तूल कंपनीने १९८० च्या दशकात टेनिफर नावाने हेच वापरलं. त्या स्लाइडवरचा काळा थर निराळा असतो. तो घासून गेला तरी खालचा कठीण थर जागेवर असतो. ब्लूइंग, म्हणजे बंदुकीला देतात तो निळा-काळा थर, तर गंजाचाच भाऊ, काळा आयर्न ऑक्साइड, जेमतेम एखाद-दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). आणि सेराकोट, तो सिरॅमिक मिसळलेला लेप, म्हणजे महागडा रंग. कुणाचं वेगळं मत असेल तर बोला.

वास्कोचा_रंगारी

"महागडा रंग" म्हणालात म्हणून लिहितोय. मी २२ वर्षं जहाजांच्या बुडाला रंग मारतोय. जहाजाला कुणी टफट्राइड करत नाही, आणि तरी ती खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं उभी असतात. पाणी आणि मीठ धातूपर्यंत पोचूच दिलं नाही तर गंज येणार कुठून?

सेराकोट भट्टीत पक्कं करायचं असेल तर साधारण १२० अंशांना दोन तास. थर २५ मायक्रॉनच्या आसपास. अपयश येतं ते रंगामुळे नाही, खालच्या तयारीमुळे. तेल नीट निघालं नाही, ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करणं) अर्धवट झालं, किंवा ब्लास्टिंगनंतर कुणी उघड्या हाताने धरलं, तर त्या बोटाच्या ठशावरूनच तो सुटायला लागतो. लोक नाव रंगाला ठेवतात.

आणि हल्ली जो तो डीएलसी, पीव्हीडी हे निर्वात पेटीत चढवलेले पातळ, कडक थर करतोय. घासायला उत्तम, मान्य. पण थर दोन-चार मायक्रॉन, त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं. खाली साधं पोलाद असेल तर मीठ त्या छिद्रातून आत जातं आणि वरचा थर तसाच चमकत राहतो.

भट्टीवाला_वेर्णा

पोट माझं याच धंद्यावर आहे, तरी डिचोलीकरांना थोडं अडवतो. नायट्रायडिंगने पृष्ठभाग ६४ एचआरसीच्या (कठीणपणाचं रॉकवेल माप) घरात जातो, ते खरं. पण कठीण होणं वेगळं, गंज न चढणं वेगळं. वितळलेल्या क्षारांच्या बाथमधून (नायट्रायडिंग त्यातच होतं) काढल्यावर ऑक्सिडेशनचा टप्पा असतो, मग पॉलिश, मग पुन्हा ऑक्सिडेशन. क्यूपीक्यू म्हणतात ते हेच. गंजाविरुद्धची बरीचशी ताकद त्या टप्प्यांत आहे. पैसे वाचवायला ते गाळले की माल कडक होतो आणि तरी तांबूस पडतो. असे नग मी परत आलेले पाहिलेत.

दुसरं, बाथचं तापमान ५७० अंशांच्या आसपास. स्लाइडचं पोलाद त्याहून कमी तापमानाला टेंपर केलेलं (कडक केल्यावर पुन्हा तापवलेलं) असेल तर वरची कातडी कडक आणि आतला गाभा मऊ. १७-४ जातीचं स्टेनलेस ४८० अंशांना एजिंग केलेलं (त्या तापमानाला ठेवून कडक केलेलं) असेल तर तेही नरम पडतं. शिवाय स्टेनलेसमधलं क्रोमियम नायट्राइडमध्ये अडकलं की स्टेनलेसपणाच कमी होतो. कारखान्यातून नायट्राइड होऊन आलेली स्लाइड घ्या, डोळे मिटून घ्या. जुनी स्लाइड, पोलाद कुठलं माहीत नाही, ती भट्टीत टाकायची? मी नाही टाकणार.

आप्पा_पेडणे

माझ्या वडिलांचं ७.६५ ब्राउनिंग अजून निळं आहे. सत्तर पावसाळे तरी झाले असतील. रोज दिवेलागणीला पुसायचे, वर मशीनच्या तेलाचा हात. खोबरेल नाही हां, खोबरेल थंडीत थिजतं आणि जुनं झालं की आंबट होतं. शेजारच्या काकांनी खोबरेल लावून बंदुकीचा घोडा चिकटवून ठेवला होता. तुमच्या त्या मायक्रॉनमध्ये आळस भरून काढायची सोय आहे, बाकी काही नाही.

नेमबाज_फोंडा

आप्पा, आळस नाही हो. सराव संपेपर्यंत हात घामाने निथळत असतात, आणि माझा घाम असा की घड्याळाचा पट्टासुद्धा हिरवा पडतो. ब्लूइंग माझ्या हातात एक मोसम टिकलं.

मी हार्ड क्रोमच्या, म्हणजे विजेने चढवलेल्या क्रोमियमच्या कडक मुलाम्याच्या, बाजूची. पुसलं की स्वच्छ, कार्बन चिकटत नाही. पण त्यातही गोम आहे: क्रोमच्या थराला सूक्ष्म भेगा असतात, खाली निकेल नसेल तर खारं पाणी आत शिरतं. आणि मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो, म्हणून नंतर १९० अंशांच्या आसपास काही तास भाजावं लागतं. "एवढं कोण करतं" म्हणणाऱ्या माणसाकडे काम देऊ नका. स्प्रिंगला तर क्रोम नकोच.

डिचोलीकर, तुमचा नियम माझ्या .२२ ला लावून बघा. तिची स्लाइड ॲल्युमिनियमची आहे. तुमच्या ५७० अंशांच्या बाथमधून काय हाती येईल ते मला नको दाखवू. तिथे ॲनोडायझिंगच, म्हणजे विजेने ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर वाढवणं.

डिचोलीकर

ॲल्युमिनियमचं मान्य, मी पोलादाबद्दलच बोलत होतो. पण रंगारीबाब, एक सांगा. स्लाइड फ्रेमवर घासते. जहाजाचं बूड कशावर दिवसातून शंभरदा घासत नाही. खाचेच्या दोन्ही भिंतींवर २५-२५ म्हणजे ५० मायक्रॉन जागा गेली. एक तर स्लाइड अडकणार, नाहीतर पहिल्या दोनशे फैरींत रंग निघून रेल (स्लाइड जिच्यावर सरकते ती पट्टी) उघडी.

वास्कोचा_रंगारी

रेल झाकून ठेवून रंग मारतात. तिथे तेल असतंच. गंज तुमच्या रेलवर आला होता की बाहेर?

डिचोलीकर

बाहेर.

वकिली_बाणा

तुमचं चालू द्या, पण कुंडई-वेर्ण्याच्या कुठल्याही प्लेटिंगवाल्याला पिशवीतून स्लाइड नेऊन देऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५: बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. काम परवानाधारक गनस्मिथमार्फतच, लेखी पावतीसह. कलम ८ नुसार ओळख क्रमांक पुसणं गुन्हा आहे. ब्लास्टिंग किंवा पॉलिशमध्ये क्रमांक पुसट झाला तर परवान्याच्या नूतनीकरणाला गेल्यावर "रंग लावायचा होता" हे सांगत बसावं लागेल.

भट्टीवाला_वेर्णा

म्हणूनच आम्ही असा एकटा नग घेतच नाही. जुनं ब्राउनिंग असेल तर आणखी एक: पॉलिशमध्ये कडा गोल होतात, शिक्के जातात, किंमतही जाते. आप्पांनी त्याला हात लावू नये. आमच्याकडे ज्याला ब्लॅकोडायझिंग म्हणतात ते रसायनात बुडवून काळं करणंही नको.

आप्पा_पेडणे

हात लावतोच, रोज. फडक्याने.

डिचोलीकरा, तुला एक विचारू? विधानसभेलाही जमा केलं होतंस ना? तेव्हा काय झालं?

डिचोलीकर

केलं होतं. मतदान १४ फेब्रुवारी २०२२ ला. तेच म्यान, मार्चमध्ये परत मिळालं. एक ठिपकासुद्धा नव्हता.

आप्पा_पेडणे

मग फिनिशला का शिव्या देतोस? तेच पिस्तूल, तेच म्यान, एकदा सुकं, एकदा पाऊस. चामडं कमावतात त्यात मीठ नि आम्लं असतात, ओल धरली की फोडणी बसते. कपाटात म्यानाबाहेर ठेव, तेल लाव, सिलिका जेलच्या पुड्या ठेव नि त्या भाजून परत वापर.

डिचोलीकर

म्यान काढून टाकलं, चवथीआधीच (गणेश चतुर्थीच्या). जुन्या स्लाइडला भट्टी नाही, तेही पटलं. पण पुढचं पिस्तूल घेतलं तर कारखान्यातून नायट्राइड झालेलंच घेणार. जमा केलेल्या पिस्तुलाला तिथे रोज तेल कोण लावणार, आप्पा? देव बरें करूं सगळ्यांचं.

वास्कोचा_रंगारी

तोच माझा मुद्दा होता. रोज न विसरता पुसणारा माणूस सापडला तर आधी मला कळवा, मी त्याला जहाजावर ठेवतो.